चाकं किती आणि डोकं कुणाचं?

आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यात 'वाहन' या शब्दाची एक व्याख्या आहे. १९५१चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्यातली. गाडी, छकडा, ट्रक, हातगाडी किंवा कोणत्याही प्रकारचं वाहतुकीचं साधन म्हणजे वाहन, असं सांगून ती पुढे यादी देते. सायकल, तीनचाकी सायकल, रिक्षा, मोटार, जहाज आणि विमान! पोलीस कायद्यात जहाज आणि विमान वाचून हसू येतं. पण व्याख्या करणाऱ्यांची भूमिका स्पष्ट होती. रस्त्यावर उद्या काय येईल हे सांगता येत नाही, तेव्हा दार शक्य तितकं रुंद ठेवा.

याउलट जगातले बहुतेक वाहतूक कायदे दार अरुंद ठेवतात. ते चाकं मोजतात. आणि चाकं मोजली की एक साधन हमखास बाहेर राहतं, ते म्हणजे एकचाकी सायकल. आपल्याकडे ती सर्कशीतच पाहिलेली असते. युरोप-अमेरिकेत मात्र लोक ती रस्त्यावरही चालवतात आणि अलीकडे तिला बॅटरीही लागली आहे. ही सायकल वाहन आहे का, तिच्यावर बसलेला माणूस चालक की पादचारी, त्याला हेल्मेट सक्तीचं का, हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण त्यांच्या मागे दीडशे वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे. कायदा कुणाला नाव देतो, कुणाला वगळतो आणि कुणाला सवलत देतो, हे त्यातून कळतं. अल्पसंख्याक म्हणून जगणाऱ्यांना हा विषय परका नाही. शिवाय यात आपल्या मोहल्ल्यातला एक जुना वादही दडलेला आहे. त्याकडे शेवटी येतो.

सायकल 'गाडी' झाली त्याची गोष्ट

इंग्लंडचा १८३५चा महामार्ग कायदा झाला तेव्हा पेडलची सायकल अस्तित्वातच नव्हती. रस्त्यावर घोडा बेफाम दौडवणं किंवा 'कोणत्याही प्रकारची गाडी' बेफाम हाकणं गुन्हा आहे, असं त्यात म्हटलं होतं. पुढे १८७०च्या दशकात पुढचं चाक प्रचंड आणि मागचं चिमुकलं अशी उंच सायकल आली. एकचाकी सायकलीचा जन्म याच सायकलीतून झाला असं मानतात. ब्रेक दाबला की मागचं चाक उचललं जाई, आणि काही वल्लींच्या लक्षात आलं की मागच्या चाकाशिवायही चालवता येतं.

१८७९ साली 'टेलर विरुद्ध गुडविन' हा खटला लंडनच्या न्यायालयापुढे आला. आरोप बेफाम सायकल चालवल्याचा होता. बचाव असा की सायकल ही 'गाडी' नाही. कायदा झाला तेव्हा ती कुणी पाहिलीही नव्हती. न्यायाधीशांनी तो फेटाळला. सायकल तेव्हा माहीत नसेल, पण रस्त्यावरून जाणाऱ्याच्या जीवाला धोका होईल अशा रीतीने कोणतीही गाडी चालवू नये हाच कायद्याचा हेतू होता, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून सायकल ही गाडी.

पुढच्याच वर्षी, १८८०मध्ये, 'विल्यम्स विरुद्ध एलिस' हा खटला आला. प्रश्न टोलचा होता. सायकलवाल्याने गाडीचा टोल भरायचा का? न्यायालय म्हणालं, नाही. टोलचा नियम ज्या जातीच्या गाड्यांसाठी होता त्या जातीत सायकल बसत नाही. म्हणजे १८७९मध्ये गाडी आणि १८८०मध्ये गाडी नाही.

वरवर पाहता ही विसंगती आहे. पण दोन्ही वेळा न्यायाधीशांनी एकच प्रश्न विचारला होता, हा नियम कशासाठी केला? पादचाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी असेल तर सायकल त्यात येते. टोल गोळा करण्यासाठी असेल तर येत नाही. फिकहच्या परिभाषेत ज्याला आपण 'इल्लत' म्हणतो, म्हणजे हुकुमामागचं कारण, ते शोधून नव्या वस्तूला जुना नियम लावायचा की नाही हे ठरवणं, ही 'कियास'ची पद्धत. लंडनचे न्यायाधीश आपल्या परीने तेच करत होते.

१८८८ साली संसदेने स्थानिक स्वराज्य कायद्यात सायकल, तीनचाकी आणि तत्सम यंत्रं या 'गाड्या' आहेत असं लिहून टाकलं. नाव मिळालं तसा रस्त्यावरचा हक्क पक्का झाला. सोबत बंधनंही आली. रात्री दिवा लावायचा आणि कुणाला मागे टाकताना घंटा वाजवायची. कायद्यात नाव येणं म्हणजे काय, हे इथे नीट दिसतं.

याच साखळीतला तिसरा खटला १९५१चा, 'कॉर्करी विरुद्ध कारपेंटर'. इल्फ्राकूम गावात एक माणूस दारू पिऊन सायकल हाताने ढकलत चालला होता. १८७२चा कायदा सांगत होता की नशेत 'गाडी' ताब्यात ठेवणं गुन्हा आहे. न्यायालय पुन्हा हेतूकडे गेलं. रस्त्यावर लोक सुरक्षित राहावेत म्हणून हा कायदा आहे. तेव्हा हाताने ढकलली जाणारी सायकलही गाडीच.

चाकं मोजायला सुरुवात

मोटारी वाढल्या तसे न्यायाधीशांच्या विवेकावर अवलंबून राहणं सरकारांना परवडेना. परवाना, विमा, कर, दिवे अशा प्रत्येक गोष्टीसाठी नेमक्या व्याख्या लागू लागल्या. रस्ते वाहतुकीविषयीचा व्हिएन्ना करार १९६८ साली झाला. भारत त्यात १९८० साली सामील झाला. या करारात 'सायकल' म्हणजे किमान दोन चाकं असलेलं आणि त्यावर बसलेल्या माणसाच्या स्नायूंच्या ताकदीवरच चालणारं वाहन. 'किमान दोन' हे दोन शब्द आले आणि एकचाकी बाहेर गेली.

ब्रिटनच्या १९८८च्या रस्ते वाहतूक कायद्याने तर दोनचाकी, तीनचाकी आणि चार किंवा त्याहून अधिक चाकांची अशी सायकलीची मोजदाद केली. दोन आले, तीन आले, चार आले. एक तेवढा राहिला. गंमत म्हणजे त्याच कायद्यात 'मोटारसायकल' म्हणजे चारपेक्षा कमी चाकांचं आणि ४१० किलोपेक्षा जास्त वजन नसलेलं यांत्रिक वाहन. एकही चारपेक्षा कमीच. म्हणजे पायाने चालवली तर एकचाकी ही सायकल नाही, आणि बॅटरी बसवली की तीच मोटारसायकलच्या रकान्यात शिरते. न्यूयॉर्क राज्याच्या व्याख्येतही सायकल म्हणजे दोन किंवा तीन चाकांचं साधन.

ऑस्ट्रेलियाने निराळा मार्ग काढला. तिथल्या नमुना वाहतूक नियमांमध्ये एकचाकीचा नावानिशी उल्लेख आहे, पण तो स्केटबोर्ड आणि चाकांच्या बुटांच्या रांगेत. ती 'चाकांचं करमणुकीचं साधन' आहे आणि तिच्यावरचा माणूस पादचारी धरला जातो. जुनी उंच सायकल मात्र त्याच नियमांत 'सायकल' आहे. आई वाहन आणि मूल खेळणं, असा हा प्रकार.

आता यात हेल्मेट आणा. सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती करणारा जगातला पहिला प्रदेश ऑस्ट्रेलियातलंच व्हिक्टोरिया राज्य, तारीख १ जुलै १९९०. दोन-तीन वर्षांत बाकीच्या राज्यांनीही तेच केलं. पण नमुना नियमांतली सक्ती सायकलस्वाराला आहे, पादचाऱ्याला नाही. त्यामुळे एकचाकीवरून पडणारा माणूस त्या सक्तीबाहेर राहतो. डांबराला मात्र डोकं कोणत्या रकान्यातलं आहे हे कळत नाही.

लॉरेन्सचा अपघात

हेल्मेटची सक्ती आली कुठून? या कथेत एक असं नाव आहे, जे आपल्या वाचकांना वेगळ्या कारणासाठी ठाऊक आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धात उस्मानी सत्तेविरुद्ध अरबांना उठवण्यात त्याचा हात होता. त्यानंतर अरब भूमीची जी वाटणी झाली तिची झळ आजही संपलेली नाही. हा लॉरेन्स वेगाचा शौकीन होता. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना तो मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, तो वारला.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मूळचे ऑस्ट्रेलियन मेंदूशल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि सैन्याचे निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार अपघातात मरू लागले. केर्न्स यांनी १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक रस्त्यावर मरण पावले होते. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांना मोजून सात आढळले, आणि त्या सातांपैकी डोक्याच्या जखमेने कुणीही दगावलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

सामान्य नागरिकांना मात्र ब्रिटनमध्ये ही सक्ती व्हायला १ जून १९७३ उजाडला. मध्ये ३२ वर्षं गेली. व्हिक्टोरियाने ते १९६१ सालीच केलं होतं. पुरावा समोर असूनही कायदा इतका रेंगाळला, कारण प्रश्न निव्वळ वैद्यकीय राहिला नव्हता. माझं डोकं फुटलं तर सरकारचं काय जातं, हा युक्तिवाद तिथेही होता. आपल्याकडे पुण्याने तो अनेकदा ऐकवला आहे. १ जानेवारी २०१९पासून पुण्यात पोलिसांनी हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा त्याविरोधात आंदोलनं झाली.

पगडीची सवलत

१९७३च्या नियमाने ब्रिटनमधल्या शिखांपुढे पेच उभा केला. पगडी उतरवून हेल्मेट घालणं त्यांना मान्य नव्हतं. पगडीवर हेल्मेट बसत नाही. काहींनी पगडी घालूनच मोटारसायकल चालवली, खटले ओढवून घेतले. दोन्ही महायुद्धांत शीख सैनिक पगडी घालूनच ब्रिटनसाठी लढले होते, याची आठवण संसदेला करून देण्यात आली. साउथॉलचे खासदार सिडनी बिडवेल यांनी विधेयक मांडलं आणि १९७६ साली शिखांना धार्मिक सवलत देणारा स्वतंत्र कायदा झाला.

आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही हीच सवलत आहे. कलम १२९ दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं करतं आणि पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला वगळतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातला हेल्मेटसक्तीचा नियम वैध ठरवला. मुक्त संचाराचा हक्क हिरावला जातो हा आक्षेप टिकला नाही.

जगात सगळीकडे मात्र ही सवलत मान्य झालेली नाही. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ४ जुलै २०१९ रोजी एका शीख मोटारसायकलस्वाराची मागणी नाकारली. त्यामागचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. हेल्मेट फक्त घालणाऱ्याचं रक्षण करत नाही. अपघातात सापडलेले इतर लोक, मदतीला धावणारे लोक, त्यांनाही समोरच्याचं फुटलेलं डोकं पाहण्याचा धक्का बसतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. 'माझं डोकं, माझी मर्जी' या युक्तिवादाला याहून नेमकं उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

सवलतीची दुसरी बाजूही पाहायला हवी. ब्रिटनने १९८९ साली बांधकामावर काम करणाऱ्या शिखांना टोपीतून, म्हणजे सुरक्षेच्या कडक टोपीतून, सूट दिली. त्याच कलमात एक अट होती. हेल्मेट घातलं असतं तरीही जी इजा झाली असती, तेवढ्याचीच भरपाई मिळेल. उरलेला धोका त्याचा स्वतःचा. शीख समाजाने हा हिशेब समजून, श्रद्धेपोटी तो स्वीकारला आहे. त्याचा आदरच केला पाहिजे.

दिल्लीत आणखी एक प्रयोग झाला. १९९३च्या नियमांत तिथल्या स्त्रियांना हेल्मेटमधून सूट होती. सगळ्याच स्त्रियांना. शीख स्त्रियांसाठी मागितलेली सवलत सरकारने घाऊक वाटून टाकली, कारण कोण शीख आणि कोण नाही हे रस्त्यात विचारणं पोलिसांना अवघड. ही सूट मागे घ्यायला २०१४ साल उजाडलं. आता तिथे ऐच्छिक आहे ते फक्त शीख स्त्रियांना.

आपल्या डोक्यावरची टोपी

आता मोहल्ल्यातल्या वादाकडे. 'सरदारजींना सूट आहे, मग आपल्याला का नाही?' हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आहे. चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेर, लग्नाच्या दावतीत. रमजानच्या रात्री आणि ईदच्या सकाळी तर तो कुणी विचारतही नाही, सूट मिळाल्यासारखेच सगळे वागतात. एका दुचाकीवर तिघे, पांढरेशुभ्र कुर्ते, डोक्यावर टोप्या. पोलीसही त्या दिवशी तिकडे पाहत नाहीत, आणि आपण त्याला मेहरबानी समजतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातला एकोणीस वर्षांचा मुलगा तरावीहहून परतताना दुभाजकावर आदळला. घर जेमतेम अर्धा किलोमीटरवर. हेल्मेट घरी कपाटावर होतं. इतक्या जवळ जायला ते कशाला, म्हणून नेलं नव्हतं. त्याला उचलणारी पोरं त्याच्याच वयाची होती. त्यातला एक आजही रात्रीची दुचाकी चालवत नाही. जर्मन न्यायालयाने जे लिहिलं, ते या मुलाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून त्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला हवं. शिखांची सवलत पगडी आणि हेल्मेट एका डोक्यावर राहू शकत नाहीत यावर उभी आहे. आपल्या बाबतीत असा पेचच नाही. टोपी खिशात राहते, मशिदीच्या दारात काढून घालता येते. हिजाबवरून हेल्मेट घालून नोकरीला जाणाऱ्या कितीतरी मुली मी रोज पाहतो. ज्या सवलतीमागे श्रद्धेची निकड नाही, ती मागणं म्हणजे मरणाचा परवाना मागण्यासारखं आहे. आपल्या मागण्यांची यादी मोठी आहे आणि खरी आहे. तीत ही घुसवून बाकीच्या मागण्यांचं वजन घालवू नये.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ लोक रस्ते अपघातांत मेले. त्यात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते. त्यातले १४,३३७ मागे बसलेले.

आपल्या कायद्यातही चाकांची मोजणी आहेच. 'मोटारसायकल' म्हणजे दोन चाकांचं मोटार वाहन, आणि हेल्मेटचं कलम मोटारसायकलपुरतं. त्यामुळे बॅटरीवरची एकचाकी उद्या आपल्या रस्त्यांवर आली, तर शब्दशः वाचणारा वकील ती कलम १२९मध्ये येत नाही असं म्हणू शकेल. शाळेत सायकलवर जाणारं पोर तर आजच त्याबाहेर आहे. कायदा त्याला विचारत नाही, म्हणून त्याच्या डोक्याला कुणी विचारायचं नाही का? १८७९च्या न्यायाधीशांसारखं आपणही घरात विचारू शकतो, हा नियम कशासाठी होता?

कलम १२९चं स्पष्टीकरण मात्र जरूर वाचावं. ज्या व्याख्येत फट नाही अशी ती एक. हेल्मेट म्हणजे काय, तर ज्याच्या आकारावरून आणि घडणीवरून अपघातात बचावाची वाजवी अपेक्षा ठेवता येईल असं, आणि पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं शिरस्त्राण. बांधलेलं नसेल तर कायद्याच्या लेखी ते हेल्मेटच नव्हे. हातात अडकवलेलं, आरशाला टांगलेलं, टाकीवर ठेवलेलं, यातलं काहीच हेल्मेट नव्हे. आणि कपाटावरचं तर नव्हेच.